एपीआय मॅनेजमेंटचा क्लायंट बसला, पण आतले घटक गायब: तपासायला कुठून सुरुवात करायची

इन्स्टॉलर शेवटपर्यंत गेला, 'फिनिश' दाबलं, डेस्कटॉपवर आयकॉन आला. क्लायंट, म्हणजे सर्व्हरवरचे एपीआय (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायचे मार्ग) सांभाळणारा डेस्कटॉपवरचा प्रोग्राम, उघडला, लॉगिनही झालं. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ती पॉलिसींची (एपीआयला लावायच्या नियमांची) पॅलेटच जागेवर नाही. ना एरर, ना इशारा. जणू ती कधी नव्हतीच.

ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली आहे की आता मी ऐकणं पूर्ण व्हायच्या आत विचारतो, "रीइन्स्टॉल करून पाहिलंत का?" उत्तर बहुधा "हो, दोनदा" असंच असतं. तिथे मी मनातल्या मनात कपाळावर हात मारतो. रीइन्स्टॉल केल्यावर प्रोग्रामचं फोल्डर बदलतं. तुमच्या यूजर प्रोफाइलमधलं कॅश (तात्पुरता साठा), वर्कस्पेस (तुमच्या कामाचं फोल्डर) आणि सेटिंग्ज मात्र सहसा तशीच राहतात. दोष तिथे असेल तर दहा वेळा बसवा, अकराव्यांदाही तो तुमची वाट बघत बसलेला असेल. शिवाय प्रोग्रामच्या फोल्डरमधले पहिल्या वेळचे लॉग पुसले जातात, म्हणजे पुरावाही गेला.

तेव्हा आधी अनइन्स्टॉलवरचा हात काढा. 'गायब' या एका शब्दाखाली चार वेगळे आजार लपलेले असतात. फाइल डिस्कवर आलीच नाही. आली, पण क्लायंटनं ती लोड केली नाही. लोड केली, पण पडद्यावर मांडली नाही. किंवा मांडली, पण सर्व्हरकडून माहिती न आल्यानं ती रिकामी आहे. चौघांचा चेहरा सारखा, औषध वेगळं. खालचा सगळा क्रम यातला आपला आजार कोणता हे कमीत कमी खर्चात ओळखण्यासाठी आहे.

(कमांड, मेनू आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग वापरायचं.)

लक्षणं

आपलं लक्षण यात कुठे बसतं ते बघा:

- 'न्यू' मेनूत एपीआय प्रोजेक्टचा प्रकारच नाही, किंवा डावीकडच्या ट्रीमध्ये एखादी अख्खी फांदी नाही.
- पॅलेट आहे, पण त्यात निम्मेच फिल्टर किंवा कनेक्टर आहेत.
- पॅनेल उघडतं, पण कोरं पांढरं किंवा राखाडी राहतं. कधी 'कुड नॉट क्रिएट द व्ह्यू' असा संदेश येतो.
- जुना प्रोजेक्ट उघडला की काही घटकांवर लाल खूण दिसते आणि 'अननोन टाइप'सारखं काहीतरी लिहिलेलं असतं.
- कॅटलॉगची यादी उघडते, पण रिकामी. किंवा गोल चक्र फिरतच राहतं.
- तोच इन्स्टॉलर शेजारच्या मशीनवर व्यवस्थित चालतो.

पहिली दोन लक्षणं अवघड, कारण ती चारपैकी कुठल्याही आजाराची असू शकतात. कोरं पॅनेल दिसलं तर प्लगइन (क्लायंटला जोडलेला सुटा भाग) निदान सापडला आहे, तो उभा राहताना पडतो आहे. रिकामी यादी आणि फिरतं चक्र असेल तर सर्व्हर, नेटवर्क किंवा परवानग्या यांच्याकडे बोट जातं. डिस्कवरच्या फाइली तपासण्यात वेळ घालवू नका.

आणखी एक गोष्ट आत्ताच, कारण नंतर उशीर होतो. 'अननोन टाइप' दिसत असेल तर तो प्रोजेक्ट त्या क्लायंटमधून सेव्ह करू नका आणि डिप्लॉय तर (म्हणजे सर्व्हरवर चढवणं) मुळीच करू नका. जो घटक क्लायंटला कळत नाही, तो लिहिताना क्लायंट काय करेल याचा भरवसा नसतो. आधी प्रोजेक्टची प्रत बाजूला ठेवा.

आपला क्लायंट कोणत्या मातीचा?

डेस्कटॉपवरचे असे बरेच क्लायंट दोन घराण्यांपैकी एका घराण्यातले असतात. इन्स्टॉल केलेल्या फोल्डरमध्ये प्लगइन्स, फीचर्स आणि कॉन्फिगरेशन अशी तीन फोल्डर दिसली तर तो एक्लिप्स या तयार सांगाड्यावर बांधलेला, म्हणजे जावाचा. रिसोर्सेस नावाच्या फोल्डरात अॅप डॉट एसार ही फाइल दिसली तर तो इलेक्ट्रॉनचा, म्हणजे पोटात क्रोमियम ब्राउझर घेऊन चालणारा. घटक गायब होण्याचा रोग मला पहिल्या घराण्यात जास्त भेटतो. कारण पुढे येईलच.

पहिली फेरी: काहीही न बदलता

पॅलेटच्या किंवा ट्रीच्या वर शोधाची चौकट असते, ती आधी बघा. तिच्यात एखादं अक्षर राहून गेलं असेल तर बाकीचे घटक लपलेलेच राहणार. हसू नका, मी स्वतः एकदा यात अर्धा तास घालवला आहे.

मग एक्लिप्सवाल्या क्लायंटमध्ये विंडो मेनूतून शो व्ह्यू आणि त्यात अदर उघडा. हवा तो व्ह्यू, म्हणजे पॅनेल, त्या यादीत आहे का? एवढ्या एका प्रश्नावर अर्धं निदान होतं. यादीत नाव असेल तर प्लगइन क्लायंटला ठाऊक आहे, भानगड फक्त मांडणीची आहे. नाव निवडून उघडा, किंवा विंडो मेनूतलं रिसेट पर्स्पेक्टिव्ह दाबा (पर्स्पेक्टिव्ह म्हणजे पॅनेलांची मांडणी). नाव यादीतच नसेल तर प्लगइन लोड झालेला नाही, आणि पर्स्पेक्टिव्ह कितीही वेळा रिसेट केलं तरी काही होणार नाही.

दुसरा मॉनिटर कधी जोडला होता का, हेही आठवा. सुटं केलेलं पॅनेल त्या मॉनिटरवर होतं आणि आता तो काढून टाकला, तर पॅनेल पडद्याबाहेरच्या अंधारात उघडतं. एका सहकाऱ्यानं याच कारणासाठी क्लायंट तीनदा बसवला होता. रिसेट पर्स्पेक्टिव्हनं तेही परत येतं.

दुसरी फेरी: दोष माणसाचा की मशीनचा?

सहकाऱ्याला तुमच्या मशीनवरच्या क्लायंटमध्ये त्याच्या खात्यानं लॉगिन करायला सांगा. मग तुम्ही त्याच्या मशीनवर तुमच्या खात्यानं लॉगिन करा. पासवर्ड एकमेकांना सांगायचे नाहीत, खुर्ची बदलायची. पाच मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या मते या अख्ख्या लेखातली सगळ्यात किमती तपासणी हीच.

दोष तुमच्या खात्याबरोबर फिरला, म्हणजे त्याच्या मशीनवरही तुम्हाला तो घटक दिसला नाही, तर तुमचं इन्स्टॉलेशन निर्दोष आहे. तुमच्या रोलमध्ये कमतरता आहे. एपीआय मॅनेजमेंटमध्ये एपीआय तयार करणं, प्रकाशित करणं, पॉलिसी बदलणं आणि नुसतं पाहणं यांचे अधिकार वेगवेगळे ठेवलेले असतात, आणि अनेक क्लायंट अधिकार नसलेलं बटण फिकं करण्याऐवजी ते दाखवतच नाहीत. वापरणाऱ्याला वाटतं, इन्स्टॉलर चुकला.

याचाच धाकटा भाऊ: अधिकार सकाळी मिळाला, पण तुम्ही कालपासून लॉगिन आहात. सिंगल साइन-ऑनमध्ये रोलची यादी बऱ्याचदा लॉगिनच्या वेळी मिळालेल्या टोकनमध्येच (ओळख पटवणाऱ्या डिजिटल चिठ्ठीत) लिहिलेली असते. जुनं टोकन असेपर्यंत जुनेच अधिकार. पूर्ण लॉगआउट करून पुन्हा या. नुसती खिडकी बंद करून चालत नाही. आणि वर निवडलेली संस्था, टेनंट किंवा एन्व्हायर्नमेंट बरोबर आहे ना, तेही बघून घ्या.

दोष मशीनवरच बसून राहिला तर पुढे चला.

तिसरी फेरी: आवृत्ती आणि निवडलेले घटक

हेल्प मेनूतून अबाउट उघडा आणि आवृत्तीचा पूर्ण आकडा, पॅचसकट, लिहून घ्या. सर्व्हरचाही घ्या. सर्व्हरवर पॅच चढला आणि क्लायंटवर नाही, तर नव्या प्रकारचे फिल्टर क्लायंटला कळणारच नाहीत. अनेक उत्पादनांत क्लायंटचा पॅच वेगळा उतरवावा लागतो, आणि नेमका तोच राहतो. 'नवीनच बसवलंय' म्हणजे 'पॅच आहे' असं नाही. नवीन बसवलेला क्लायंट बऱ्याचदा मूळ आवृत्तीचा, पॅचशिवायचा असतो.

अबाउटमध्येच इन्स्टॉलेशन डिटेल्स आहे. तिथल्या प्लगइन्सच्या टॅबमध्ये तुमच्या घटकाचं नाव शोधा आणि हाच टॅब, जिथे घटक दिसतो त्या मशीनवरही उघडून शेजारी ठेवा. त्याच्याकडे आहे आणि तुमच्याकडे नाही, असा प्लगइन सापडला तर इन्स्टॉलर पुन्हा चालवून 'मॉडिफाय' किंवा 'कस्टम'मध्ये तो घटक निवडलेला होता का ते बघा. 'टिपिकल' निवडल्यावर डिझाइन टूल बसतं आणि मॉनिटरिंग किंवा टेस्टिंगचं टूल बसत नाही, अशी रचना काही ठिकाणी असते. ही चूक नव्हे, कुणी तरी मुद्दाम ठरवलेला पर्याय आहे.

चौथी फेरी: नवं वर्कस्पेस

फुकट आहे आणि परत फिरता येतं, म्हणून लॉग उघडण्याआधी हे करा. क्लायंट बंद करा आणि उघडताना पूर्णपणे नवं, रिकामं वर्कस्पेस द्या. घटक दिसला तर प्रोग्राम ठीक आहे, जुनं वर्कस्पेस बिघडलं आहे. खिडक्यांची मांडणी वर्कस्पेसमधल्या डॉट मेटाडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात राहते. जुन्या आवृत्तीचं वर्कस्पेस नव्या क्लायंटनं उघडलं की ही मांडणी आणि नवे प्लगइन यांचं जुळत नाही.

जुनं फोल्डर पुसू नका, नाव बदला. त्यात जोडण्यांची माहिती आणि तुमच्या आवडीनिवडी असतात.

इलेक्ट्रॉनवाल्यांसाठी हीच तपासणी म्हणजे यूजर डेटाचं फोल्डर बाजूला ठेवणं. विंडोजवर ते सहसा अॅपडेटाच्या रोमिंगमध्ये, मॅकवर लायब्ररीतल्या अॅप्लिकेशन सपोर्टमध्ये, लिनक्सवर होम फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिगमध्ये सापडतं. इथे मात्र दोनदा विचार करा: खात्याशी सिंक न केलेली कलेक्शन आणि एन्व्हायर्नमेंट याच फोल्डरात असू शकतात. नाव बदललं तर परत आणता येतं. डिलीट केलं तर रडायलाही कुणी सोबत नसतं.

पाचवी फेरी: फाइली खरंच उतरल्या का?

इथे थोडा वेळ घालवू, कारण 'इन्स्टॉल यशस्वी' हा संदेश आणि 'सगळ्या फाइली जागेवर' ही परिस्थिती यांत बरंच अंतर असू शकतं.

क्लायंट झिप स्वरूपात आला असेल तर पहिला संशय विंडोजच्या पाथच्या मर्यादेवर. विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे. एक्लिप्सच्या प्लगइनची नावं लांबलचक, त्यात शेवटी आवृत्ती आणि तारखेची शेपटी. असं झिप 'डाउनलोड्स'मधल्या फोल्डरातल्या फोल्डरात उलगडलं की काही फाइली मर्यादेबाहेर जातात, 'पाथ टू लाँग' असा संदेश येतो, माणूस वैतागून 'स्किप' दाबतो आणि पुढचं विसरतो. क्लायंट उघडतोही, फक्त ते स्किप केलेले घटक सोडून. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ही मर्यादा उठवायची सोय आहे, पण ती चालू करावी लागते आणि प्रत्येक प्रोग्रामनंही तिला होकार द्यावा लागतो. त्यापेक्षा सी ड्राइव्हच्या मुळाशी दोन-तीन अक्षरांचं फोल्डर करा आणि सेव्हन-झिपसारख्या साधनानं तिथे उलगडा. सोपं आणि खात्रीचं.

दुसरा संशय, डाउनलोड अर्धवट. उत्पादकानं एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) दिला असेल तर तो पडताळा. विंडोजवर सर्टयूटिल हे साधन आहे, त्याला हॅशफाइल हा पर्याय आणि शेवटी एसएचए२५६ हे नाव द्यायचं. पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश आहे. मॅकवर शासम, 'डॅश ए २५६' या पर्यायासह, लिनक्सवर एसएचए२५६सम. फाइलचा आकार जुळला म्हणून समाधान मानू नका. आकार तोच आणि आतलं एखादं अक्षर वेगळं, असं होऊ शकतं.

तिसरा, अँटिव्हायरस. जावाच्या जार फाइली (प्रोग्रामचे गठ्ठे), स्क्रिप्ट चालवणारे घटक, ट्रॅफिक पकडणारे प्रॉक्सीचे (मध्यस्थ सर्व्हरचे) घटक यांच्यावर त्याची नजर वाकडी असते. त्यातली एखादी फाइल तो उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो, कधी इन्स्टॉल चालू असतानाच. सुरक्षा सॉफ्टवेअरचा इतिहास उघडा आणि इन्स्टॉलच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी बघा. सापडली तरी स्वतःच्या अधिकारात अपवाद टाकत बसू नका. ते काम कोणाचं, हे शेवटी सांगतो.

मॅकवर एक वेगळीच गंमत आहे. डाउनलोड केलेलं अॅप तसंच डाउनलोड्समधून चालवलं तर मॅकओएस सुरक्षेसाठी ते एका तात्पुरत्या, फक्त वाचता येणाऱ्या जागेवरून चालवू शकतं. ही पद्धत सिएरा, म्हणजे १०.१२ पासूनची. अॅपच्या शेजारी ठेवलेलं प्लगइनचं फोल्डर मग अॅपला सापडत नाही, कारण अॅपच्या दृष्टीनं तो स्वतः भलतीकडेच राहत असतो. फाइंडरमधून अॅप उचलून अॅप्लिकेशन्समध्ये टाका आणि तिथून उघडा.

सहावी फेरी: फाइल आहे, तरी लोड होत नाही

आता एक्लिप्स घराण्याचं कारण. एक्लिप्स ३.० पासून, म्हणजे २००४ पासून, त्याचा पाया ओएसजीआय या पद्धतीवर आहे. प्रत्येक प्लगइन म्हणजे एक बंडल. बंडल आपल्याबरोबर एक यादी आणतो: मला अमुक बंडल हवा, तमुक आवृत्तीचा हवा, जावा किमान इतकी हवी. यादी पूर्ण झाली तरच तो 'रिझॉल्व्ह' होतो. एकही गोष्ट कमी पडली तर तो 'इन्स्टॉल्ड' अवस्थेतच थांबतो, त्याच्यावर अवलंबून असलेलेही थांबतात, आणि बाकीचा क्लायंट काहीच न झाल्यासारखा उघडतो. चौकट नाही, घंटी नाही. घटक 'गायब' दिसतो तो या मुकाट थांबण्यामुळे. रचना म्हणून हे शहाणपणाचंच आहे, एका प्लगइनपायी अख्खं दुकान बंद पडत नाही. फक्त आपल्यासारख्यांना रात्री जागावं लागतं.

तो मुका असला तरी लिहून ठेवतो. वर्कस्पेसच्या डॉट मेटाडेटा फोल्डरात डॉट लॉग नावाची फाइल असते. वर्कस्पेस उघडायच्या आधीच गडबड झाली असेल तर लॉग प्रोग्रामच्या कॉन्फिगरेशन फोल्डरात, नुसत्या आकड्याच्या नावानं सापडतो. त्यात 'अनरिझॉल्व्ड रिक्वायरमेंट' हे शब्द शोधा. शेकडो ओळी दिसल्या तर घाबरू नका, बहुतेक एकाच मुळाच्या फांद्या असतात. ओळी जसजशा आत सरकतात तसतसं कारण खोल जातं. सगळ्यात आत सरकलेली ओळ वाचा. वरचे दहा बंडल पडले आहेत ते त्या एकामुळे.

त्या ओळीत बहुतेक वेळा पुढच्यापैकी काहीतरी निघतं.

जावाची आवृत्ती. लॉगमध्ये 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' आणि एक आकडा दिसेल: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. मागणी ६१ ची आणि चालते आहे ५५ वर, तर उत्तर मिळालं. उलट दिशेनंही घात होतो. 'नवीन जावा टाकू, ती तर चांगलीच' असं म्हणून लोक जुन्या क्लायंटला नवी जावा देतात. जावा ११ मधून, २०१८ साली, जॅक्सबी आणि जॅक्स-डब्ल्यूएस ही जुनी मॉड्यूल काढून टाकली गेली. सोप आणि डब्ल्यूएसडीएलचे (जुन्या धाटणीच्या वेब सर्व्हिसचे) काही जुने घटक त्यांच्याच जिवावर होते. २०२० साली जावा १५ मधून नॅशहॉर्न हे जावास्क्रिप्टचं इंजिन गेलं आणि त्याच्यावर उभे असलेले स्क्रिप्टिंगचे घटक बसले. म्हणून उत्पादकानं सांगितलेलीच जावा द्या, ना कमी ना जास्त.

ती द्यायची कुठे? प्रोग्रामच्या आयएनआय फाइलमध्ये, 'डॅश व्हीएम' या पर्यायानं. इथली चूक मी इतक्यांदा दुरुस्त केली आहे की डोळे मिटून सांगतो: 'डॅश व्हीएम' एका ओळीवर आणि जावाचा पाथ त्याच्या पुढच्या ओळीवर हवा, आणि हे दोन्ही 'डॅश व्हीएमआर्ग्ज' या ओळीच्या वर हवं. खाली लिहिलं तर ते क्लायंटच्या कानावरच पडत नाही, आणि मशीनवर सापडेल ती जावा तो उचलतो. ३२ बिट आणि ६४ बिटची सरमिसळही करू नका. त्यात तर क्लायंट उघडतच नाही.

शिळं कॅश. अपग्रेडनंतर क्लायंट जुनीच जुळवाजुळव धरून बसतो. त्यासाठी 'डॅश क्लीन' हा पर्याय देऊन एकदा सुरू करा. बंडलच्या अवलंबित्वांचं कॅश नव्यानं बांधलं जातं. तुमच्या प्रोजेक्टला यानं धक्का लागत नाही.

हातानं टाकलेला जार. एकानं गायब झालेल्या प्लगइनची जार चालू मशीनवरून आणून माझ्यासमोर प्लगइन्स फोल्डरात टाकली आणि विजयी मुद्रेनं क्लायंट उघडला. काही झालं नाही. होणार कसं? कोणते बंडल उचलायचे याची यादी कॉन्फिगरेशनमधल्या बंडल्स डॉट इन्फो या फाइलमध्ये असते. फोल्डरात नुसती गर्दी वाढवून यादीत नाव चढत नाही. ती यादी हातानं संपादित करू नका. इन्स्टॉलरच्या किंवा 'इन्स्टॉल न्यू सॉफ्टवेअर'च्या मार्गानंच प्लगइन टाका, म्हणजे त्याची अवलंबित्वंही बरोबर येतात.

फोल्डरची परवानगी. अॅडमिननं प्रोग्राम फाइल्समध्ये बसवलं, तुम्ही साध्या खात्यानं चालवता. तिथे लिहिता येत नाही, म्हणून क्लायंट आपलं कॉन्फिगरेशन तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट एक्लिप्समध्ये ठेवतो. पुढे अॅडमिननं मुख्य जागेवर नवा घटक टाकला, पण तुमची जुनी प्रत तशीच. अॅडमिनला घटक दिसतो, तुम्हाला नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर! क्लायंट बंद करून त्या खासगी कॉन्फिगरेशनचं नाव बदला. त्याच फोल्डरात साठवलेले पासवर्डही असतात, म्हणून अख्ख्या डॉट एक्लिप्सला हात लावू नका. आतलं त्या उत्पादनाच्या नावाचं फोल्डर शोधा.

सातवी फेरी: घटक आहे, माहिती येत नाही

काही क्लायंट पहिल्यांदा उघडल्यावर घटक नेटवर्कवरून खाली आणतात. वाटेत प्रॉक्सी असेल तर ते अडतं. लॉगमध्ये ४०७ दिसलं तर प्रॉक्सी ओळखपत्र मागते आहे. 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' दिसलं तर सर्टिफिकेटची साखळी जुळत नाही.

"पण ब्राउझरमध्ये तोच पत्ता उघडतो की!" उघडणारच. ब्राउझर ऑपरेटिंग सिस्टीमचा किंवा स्वतःचा विश्वासकोश (भरवशाच्या सर्टिफिकेटांचा साठा) बघतो, जावा स्वतःची सीएसर्ट्स ही फाइल बघते. कंपनीच्या आतल्या सर्टिफिकेटची ओळख पहिल्याला आहे, दुसरीला नाही. जावाबरोबर येणाऱ्या कीटूल या साधनानं ते मूळ सर्टिफिकेट क्लायंट खरंच जी जावा वापरतो तिच्या सीएसर्ट्समध्ये घाला. मशीनवर तीन जावा असतील तर लोक हमखास दुसऱ्याच एकीत घालतात. विंडोजवर जावाला विंडोजचाच विश्वासकोश वापरायला सांगण्याचाही मार्ग आहे. सर्टिफिकेटची तपासणीच बंद करणं हा मार्ग नाही. ज्या क्लायंटच्या हातात सगळ्या एपीआयच्या किल्ल्या आहेत, त्याला 'समोर कोण आहे ते विचारू नकोस' असं शिकवायचं नसतं.

कोरं पॅनेल राहिलंच. एक्लिप्सवाले क्लायंट काही पॅनेल आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये दाखवतात. लिनक्सवर त्यासाठी वेबकिट जीटीके ही लायब्ररी लागते, ती बऱ्याच किमान इन्स्टॉलेशनमध्ये नसते. विंडोजवर नव्या आवृत्त्या एजचा वेबव्ह्यू२ वापरू शकतात. इलेक्ट्रॉनच्या क्लायंटमध्ये अख्खी खिडकी कोरी असेल तर 'डॅश डॅश डिसेबल जीपीयू' देऊन उघडा. उजळली तर ग्राफिक्स ड्रायव्हर बघा.

कुठे थांबायचं

खालच्या ठिकाणी हात जोडून बाजूला व्हा आणि ज्याचं काम त्याला बोलवा.

अधिकृत ठिकाणाहून दोनदा उतरवूनही हॅश जुळत नसेल, तर ती फाइल चालवू नका, सुरक्षा विभागाला कळवा. अँटिव्हायरसनं फाइल उचलली असेल, तर अपवाद टाकायचा की नाही हे त्यांनीच ठरवायचं. सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये किंवा कॉन्फिगरेशन स्टोअरमध्ये 'एक ओळ बदलून बघू' असा मोह झाला, तर प्लॅटफॉर्मच्या अॅडमिनशिवाय बसू नका. लायसन्समुळे घटक बंद असेल, तर ते तांत्रिक कामच नाही. आणि लॉगमधला सगळ्यात आतला बंडल उत्पादकाचा स्वतःचाच निघाला, जावा बरोबर, आवृत्ती बरोबर, वर्कस्पेस नवं, तर तो त्यांचा दोष आहे. त्यांच्याकडे तिकीट टाका. क्लायंट प्रॉडक्शनला (खऱ्या वापरातल्या सर्व्हरला) जोडलेला असेल तर मी तर चौथ्या फेरीनंतरच थांबायला सांगतो.

तिकिटात 'काही दिसत नाही' एवढंच लिहिलं तर समोरचा पहिल्या फेरीपासून सुरू करेल आणि तुमचे दोन दिवस जातील. क्लायंट आणि सर्व्हरची पूर्ण आवृत्ती, जावाची आवृत्ती, खुर्ची बदलून केलेल्या तपासणीचा निकाल, नव्या वर्कस्पेसमध्ये काय झालं, आणि लॉग फाइल, एवढं द्या. लॉग पाठवण्याआधी त्यातली टोकन, पासवर्ड आणि आतल्या सर्व्हरांचे पत्ते झाकून टाका. लॉगमध्ये ते सर्रास असतात.

दोष सापडला, घटक आला, तर कामाला लागण्यापूर्वी आयएनआय फाइल पुन्हा उघडा. 'डॅश क्लीन' तिथे कायमचं लिहून ठेवलं असेल तर काढा, नाहीतर क्लायंट प्रत्येक वेळी कॅश नव्यानं बांधत बसेल आणि पुढच्या महिन्यात 'क्लायंट फार हळू उघडतो' अशी नवी तक्रार घेऊन तुम्हीच याल. नाव बदलून ठेवलेलं जुनं वर्कस्पेस आठवडाभर राहू द्या. काही राहिलं असेल तर तेवढ्यात आठवतं.